‘शारदा’ आणि ‘कमला’ : सोडवणूक आणि त्यानंतर

इंदूरच्या मराठी समाजाला एका गोष्टीचा सार्थ अभिमान वाटत आला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ ह्या नाटकाचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ च्या जानेवारीत ह्याच नगरीत केला. गणेशोत्सवातील व्याख्यान असो, नाट्यस्पर्धेचे उद्घाटन असो, किंवा एखाद्या वृद्ध नटाचा सत्कार असो, वक्ता ह्या घटनेचा उल्लेख केल्यावाचून खाली बसत नाही आणि श्रोतेही टाळ्या दिल्यावाचून राहत नाहीत. प्रस्तुत लेखकानेही अशा टाळ्या पुष्कळदा वाजवल्या आहेत. परंतु ज्या नाटकाच्या जन्माचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ते नाटक आज आपल्याला काय विचारते आहे, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

दुसरीही एक गोष्ट आपल्याच मुलुखाशी निगडित आहे. तिचा अभिमानाने उल्लेख कोणी करीत नाही, आणि करावा अशी ती नाहीच. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी चंबळच्या बाजूच्या प्रदेशातून एक स्त्री २३०० रुपयांना विकत घेतली, आणि स्वतंत्र भारतात बायका विकल्या जातात हे त्या खरेदीनेच सिद्ध करून दाखवले. विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ ह्या नाटकाचे बीज ह्या वार्तेत आहे. तेंडुलकरांनी बाजाराचे स्थळ बदलून ते रांचीकडच्या लोहारदग्याला नेले आणि किंमत अडीचशे रुपयांवर आणली. परंतु मूळ घटना आपल्या उंबरठ्यावरची होती हे विसरता येत नाही.

ह्या दोन नाटकांमध्ये ब्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. एक संगीत, एक गद्य. एकाचा शेवट लग्नाने होतो, दुसऱ्याचा एका स्त्रीच्या मूक निश्चयाने. आपल्या समीक्षेने ‘शारदा’ला जरठकुमारी विवाहावरील नाटक म्हटले, आणि ‘कमला’ला पत्रकारितेवरील व विवाहसंस्थेवरील नाटक म्हटले. ही वर्णने चुकीची नाहीत. तथापि दोन्ही नाटकांच्या मुळाशी असलेला व्यवहार एकच आहे : माणसाची विक्री. आणि दोन्ही नाटकांत त्या विक्रीच्या आड येणारा एक पुरुष आहे. त्याला ह्या लेखापुरते आपण ‘सोडवणारा’ म्हणू. विकल्या गेलेल्या स्त्रीला आपल्या नाटककारांनी कसे पाहिले ह्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सोडवणाऱ्याला त्यांनी कसे पाहिले, आणि सोडवणुकीनंतर काय होते ह्याचा विचार त्यांनी कुठवर नेला, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम ‘शारदा’. देवलांच्या सात नाटकांपैकी हे एकच पूर्णपणे स्वतंत्र कथानकाचे, आणि त्याच्या मांडणीत जी व्यावहारिक दृष्टी आहे ती आजही थक्क करते. माणसाचा अपव्यापार म्हटले की काळोखात येऊन मुलीला पळवून नेणारा कोणी अनोळखी राक्षस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. देवलांनी असा राक्षस आणलेला नाही. त्यांचा विक्रेता आहे मुलीचा सख्खा बाप कांचनभट. गिऱ्हाईक आहे गावचा पैसेवाला भुजंगनाथ. आणि मध्यस्थ आहे भद्रेश्वर दीक्षित, ज्याला कोणत्याही घरात पाट मिळतो. ह्या तिघांपैकी एकही जण समाजाबाहेरचा नाही. सौदा ओसरीवर होतो, पानसुपारीच्या तबकाशेजारी होतो, आणि त्याला विवाह हे पवित्र नाव असते. आज ह्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारावे. पहिला दुवा बहुधा ओळखीतला, नात्यातला, विश्वासातला निघतो असेच ते सांगतील. देवलांना हे १८९९ साली ठाऊक होते. भद्रेश्वर हसवतो म्हणून आपण त्याला विनोदी पात्रांत जमा केले. वास्तविक तो ह्या व्यापाराचा कणा आहे. बाप एकदा विकतो, गिऱ्हाईक एकदा घेते. दलाल मात्र उद्या दुसऱ्या ओसरीवर बसलेला असतो.

आता कोदंडाकडे वळू. कोदंड तरुण आहे, तत्त्वनिष्ठ आहे, ह्या लग्नाविरुद्ध उघडपणे उभा राहतो. पण तो लग्न मोडतो कशाच्या बळावर? मुलगी अजाण आहे म्हणून नव्हे. नवरा मरणाच्या दारी आहे म्हणून नव्हे. बापाने पैसे घेतले म्हणूनही नव्हे. वस्तुतः कन्येचे शुल्क घेणे हे धर्मशास्त्रानेच निंद्य ठरवलेले. पण त्या निषेधाचा मंडपात कोणावरही परिणाम होत नाही. लग्न मोडते ते वधूवर सगोत्र आहेत ह्या एकाच मुद्द्यावर.

माझ्या महाविद्यालयीन दिवसांत आम्हा विद्यार्थ्यांना हा शेवट दुबळा वाटे. एवढा मोठा अन्याय आणि त्यावर उतारा काय, तर गोत्राची तांत्रिक अडचण! नाटककाराने मूळ प्रश्नाला बगल दिली असे आम्ही तावातावाने म्हणत असू. हे मत मी पुढे अनेक वर्षे वर्गातही मांडले. आज मला ते चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे वाटते हे सांगण्यासाठी मला थोडे विषयांतर करावे लागेल. वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी आमच्या शाळेत पोलिसांच्या एक महिला उपनिरीक्षक आल्या. त्यांना शाळेचे जुने दाखल-खारिज रजिस्टर पाहायचे होते. आमच्याकडून आठवी उत्तीर्ण होऊन गेलेली एक मुलगी दुसऱ्या राज्यातील एका खेड्यात सापडली होती. ‘मामाकडे शिकायला पाठवली’ असे घरच्यांनी आम्हाला सांगितले होते, आणि आम्ही दाखल्यावर सही करून मोकळे झालो होतो. मामा खरा नव्हता. पैसे दोनदा हात बदलून ती एका घरात ‘सून’ म्हणून पोहोचली होती. त्या घरचे लोक, मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि राजीखुशीने नांदते आहे, असे सांगत होते. तिचे वय सिद्ध करणारा एकच कागद ह्या जगात होता, आणि तो माझ्या कार्यालयातील लोखंडी कपाटात, वाळवीने कडा खाल्लेल्या एका वहीत होता.

बाल न्याय अधिनियम, २०१५ ह्याच्या ९४ व्या कलमात वयाच्या पुराव्यांचा क्रम दिला आहे. त्यात शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला प्रथम स्थान आहे; तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा दाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. ती वहीतील ओळ ठरवणार होती की ही मुलगी कायद्याच्या दृष्टीने बालक आहे किंवा नाही. आणि बालक ठरली तर तिच्या ‘राजीखुशी’चा प्रश्नच उरत नव्हता.

पुढे न्यायालयात माझी साक्ष झाली. ती नोंद माझ्या पूर्वीच्या मुख्याध्यापकांच्या हातची, तिसऱ्या अंकावर शाई किंचित फिस्कटलेली. आरोपींच्या वकिलांनी त्या फिस्कटलेल्या अंकावर मला तासभर उभे केले. ही तारीख कोणी सांगितली, सांगणाऱ्याने काय दाखवले, तुम्ही तेव्हा तेथे होता काय? मी नव्हतो. त्याच पानावरील आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, पहिलीच्या हजेरीपटाची जुनी वही, आणि आठवीच्या परीक्षेचा तक्ता हे सर्व त्या उपनिरीक्षक बाईंनी अगोदरच माझ्याकडून शोधून घेऊन जोडलेले होते, म्हणून नोंद टिकली. त्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरताना मला देवल आठवले. कोदंडाच्या हाती जसे गोत्र होते तशी आमच्या हाती ती एक तारीख होती. अन्याय डोंगराएवढा असतो; त्यात शिरायला कायद्याने ठेवलेली खिडकी मात्र हातभर असते. सोडवणाऱ्याला डोंगर दिसून चालत नाही, खिडकी दिसावी लागते. देवलांना ती दिसली होती. त्यांनी मूळ प्रश्नाला बगल दिली नाही. उलट समाजाची न्यायबुद्धी कोठे झोपलेली आहे आणि कोठे जागी आहे ह्याचा नेमका नकाशा त्यांनी काढून दाखवला. मुलगी विकली तर चालते, गोत्र जुळले तर चालत नाही, ह्याहून तिखट टीका त्या समाजावर दुसरी कोणती असू शकेल?

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘सारडा कायदा’ किंवा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, आणि तो ह्या नाटकावरून ओळखला जातो अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. ते नाव हरविलास सारडा ह्या विधेयक मांडणाऱ्या गृहस्थांचे आहे. मात्र योगायोग बोलका आहे. कोदंडाला जी खिडकी नाटकात मिळाली नव्हती ती, म्हणजे वयाची खिडकी, त्या कायद्याने तीस वर्षांनी उघडली.

परंतु देवलांचे खरे मोठेपण मला लग्न मोडल्यानंतरच्या भागात वाटते. लग्न मोडले म्हणजे शारदा सुटली असे प्रेक्षक समजतो. देवल तसे समजू देत नाहीत. मंडपातून उठलेली मुलगी आता ना कुमारी ना विवाहित. लोकांच्या तोंडी झालेली, कोणाच्याच घरात न बसणारी. ती जीव द्यायला निघते. सोडवणुकीनंतरचा पहिला रस्ता नदीकडे जातो, ही गोष्ट देवलांनी जितक्या स्पष्टपणे दाखवली तितकी नंतरच्या आपल्या कोणत्याही सामाजिक नाटकाने दाखवलेली मला आठवत नाही. कोदंड तिला वाचवतो, शंकराचार्यांची अनुकूलता मिळते, आणि दोघांचे लग्न होते. रंगभूमीला हा शेवट हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ह्या शेवटाने एक सवय आपल्याला लावली. सोडवणाऱ्याने वाचवलेल्या स्त्रीचा भार आपल्या अंगावर घेतला की प्रश्न मिटला, असे आपण मानू लागलो. पण प्रत्यक्षात एका छाप्यात चाळीस मुली सुटतात. तेथे कोदंडाने काय करावे?

आता ‘कमला’. जयसिंग जाधव हा कोदंडाचा आधुनिक वंशज आहे, आणि तेंडुलकरांनी त्या वंशजाची निर्दय तपासणी केली आहे. जयसिंग धाडसी आहे. तो बाजारापर्यंत जातो, जीव धोक्यात घालतो, स्त्री विकत घेतो आणि दिल्लीला आणतो. त्याचा हेतू वाईट नाही हे तेंडुलकर मान्य करतात, आणि येथेच नाटक अवघड होते. वाईट माणसाने केलेले शोषण दाखवणे सोपे. चांगल्या कार्यासाठी निघालेल्या माणसाच्या हातून तेच कसे घडते हे दाखवायला मोठा नाटककार लागतो. जयसिंगच्या घरी कमला ही पाहुणी नाही, फिर्यादी नाही, साक्षीदारही नाही. ती ‘पुरावा’ आहे. म्हणून तिने फाटक्या लुगड्यातच पत्रकार परिषदेत जावे, म्हणजे पुरावा पुसला जाणार नाही. ती कशासाठी जाते आहे हे तिला सांगण्याची गरज त्याला भासत नाही. ती पत्रकार परिषद तेंडुलकरांनी रंगमंचावर आणली नाही. ते योग्यच केले. परत आल्यावर जयसिंग आणि त्याचा मित्र जैन पेल्यांच्या किणकिणाटात तिला विचारलेले घाणेरडे प्रश्न एकमेकांना सांगून हसतात, आणि घरात बसलेले वृद्ध काकासाहेब व सरिता ते ऐकतात. प्रेक्षकालाही ते ऐकावे लागते. बाजार लोहारदग्याला संपला नाही, तो दिल्लीच्या सभागृहात पुन्हा भरला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मग कमला कोठे जाते? अनाथाश्रमात. ती स्वतः तेथे जाऊ इच्छिते काय, हे कोणी विचारीत नाही. त्यापूर्वी तिने सरितेला एक प्रश्न विचारलेला असतो : तुला केवढ्याला घेतले? ह्या एका प्रश्नाने नाटकाचे तोंड सरितेकडे वळते. सरितेला आपल्या सुखवस्तू संसारातील गुलामगिरी दिसते, ती बंड करू पाहते. तेवढ्यात जयसिंगची नोकरी जाते आणि ती त्याच्या उशाशी बसते, परंतु मनातील निश्चय सोडीत नाही. हे सर्व अत्यंत प्रभावी आहे. मी हे नाटक जितक्यांदा वाचले तितक्यांदा ह्या ठिकाणी माझे मन हेलावले.

तथापि एक आक्षेप नोंदवणे मला कर्तव्य वाटते. कमला आश्रमात गेली आणि नाटक तिला सोडून पुढे निघाले. तिचा प्रश्न सरितेच्या जागृतीसाठी उपयोगी पडला, आणि उपयोग संपल्यावर ती पडद्याआड गेली ती गेलीच. जयसिंगने जे केले तेच काही अंशी नाटककाराच्याही हातून झाले नाही काय? ‘तेंडुलकरांना हेच दाखवायचे होते, कमलेचे नाहीसे होणे हाच त्यांचा अभिप्राय आहे’ असे ह्यावर उत्तर देता येईल, आणि ते उत्तर कमी वजनाचे नाही. परंतु मग असे म्हणावे लागेल की देवलांनी नदीपर्यंत पाठपुरावा केला आणि तेंडुलकर आश्रमाच्या दारावरून परतले. दार लागल्यानंतर आत काय होते, ही गोष्ट मराठी रंगभूमीवर अद्याप यावयाची आहे.

ती गोष्ट नाट्यशून्य आहे असे मात्र कोणी समजू नये. उलट माझा दावा असा की खरे नाट्य तेथेच आहे. आपल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या अपव्यापाराला आणि वेठबिगारीला मनाई केली. १९५६ साली ह्या विषयावरचा कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला आजचे नाव मिळाले. २०१३ साली दंडसंहितेच्या ३७० व्या कलमात ह्या गुन्ह्याची सविस्तर व्याख्या आली, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. फसवून, धाक घालून, पैशाचे आमिष दाखवून मिळवलेली पीडित व्यक्तीची संमती ही संमतीच नव्हे, असे ते कलम सांगते. शारदेचे मौन ज्यांनी ऐकले आहे त्यांना ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पण त्याच १९५६ च्या कायद्याच्या आठव्या कलमात गिऱ्हाईक बोलावणाऱ्या स्त्रीला शिक्षा आहे. म्हणजे एकाच छाप्यात सापडलेली स्त्री एका कलमाने पीडित आणि दुसऱ्या कलमाने आरोपी ठरू शकते. कोणत्या कलमाखाली तिचे नाव लिहायचे, हे ठरवणारा माणूस रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात पेन हातात धरून बसलेला असतो. त्याच्या मनातील संघर्ष कोणत्या शोकांतिकेहून कमी आहे?

आणखी एक उदाहरण देतो. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामाठीपुऱ्यातून शेकडो अल्पवयीन मुली सोडवण्यात आल्या. त्यांत नेपाळच्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या. एवढ्या मुलींना ठेवायचे कोठे, हेच कोणी ठरवलेले नव्हते. आणि त्यांना परत घेण्यास त्यांचा देश प्रारंभी उत्सुक नव्हता. एका रात्रीत सुटका झाली. त्यानंतरचे महिने मात्र त्यांनी गर्दीच्या, अपुऱ्या वसतिगृहांतून काढले. पुढे २००२ साली ‘प्रेरणा’ ह्या मुंबईच्या संस्थेने नेलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने जे निर्देश दिले ते मला एखाद्या नाटकाच्या आराखड्यासारखे वाटतात. दलालाच्या वतीने उभा राहणारा वकील सोडवलेल्या मुलीच्याही वतीने उभा राहू शकणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आणि अल्पवयीन मुलीला तिचे पालक म्हणवणाऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी ते योग्य आहेत काय ह्याची बालकल्याण समितीने खात्री करावी असे बजावले. हे सांगावे लागले, कारण मुलगी सुटली की तिला ‘सोडवायला’ तिचा विक्रेताच वकील धाडतो, आणि कधी कधी आईबापांची सोंगेही धाडतो. खोटा सोडवणारा! भद्रेश्वर दीक्षित शंभर वर्षांनी काळा डगला घालून न्यायालयात उभा आहे, आणि अद्याप एकाही नाटककाराने त्याला ओळखलेले नाही.

दुसऱ्या बाजूने, आश्रमाच्या दाराआड काही चांगलेही घडते, आणि तेही आपल्या साहित्याला ठाऊक नाही. गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरील वस्ती २००४ साली पाडण्यात आली. वस्ती पाडल्याने व्यापार थांबत नाही, तो पांगतो, हा अनुभव तेथे आला. तेथेच काम करणाऱ्या ‘अर्ज’ ह्या संस्थेने सुटून आलेल्या स्त्रियांसाठी एक यांत्रिक धुलाईगृह चालवले. हॉटेलांचे आणि कारखान्यांचे कपडे धुवायचे, इस्त्री करायचे, महिन्याला पगार घ्यायचा. शिवणकाम आणि पापड ह्यांपलीकडे ‘पुनर्वसन’ ह्या शब्दाची आमची कल्पना जात नव्हती; येथे वेळेवर कामाला येणे, पगाराची पावती, रजा, सहकारी, ह्या साध्या गोष्टींनी माणूस पुन्हा माणसांत येतो असे दिसले. आपले नाव पगारपत्रकावर पहिल्यांदा वाचणारी स्त्री हा एखाद्या कथेचा विषय नव्हे काय?

राहता राहिला तपास करणारा. आपल्या साहित्यातील पोलीस एक तर लाच खातो, नाही तर शेवटच्या अंकात शिट्टी वाजवत येतो. मी पाहिलेल्या त्या उपनिरीक्षक बाई ह्या दोन्ही साच्यांत बसत नाहीत. त्या मुलीला परत आणण्यासाठी त्या एका महिला शिपायासह दुसऱ्या राज्यात गेल्या. परतीच्या प्रवासात मुलगी एक शब्द बोलली नाही, आणि त्यांनीही एक प्रश्न विचारला नाही. तिच्या पायांत चपला नव्हत्या, त्या वाटेतल्या स्थानकावर त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतल्या. ‘चपलेची पावती जोडता येत नाही, सर,’ एवढेच त्या मला हसून म्हणाल्या. जबाब तिसऱ्या दिवशी झाला, कारण त्यापूर्वी तो झाला असता तर तो मुलीचा नसता, तिच्या भीतीचा झाला असता. ह्यानंतर तारखांवर तारखा, बदलीची टांगती तलवार, साक्षीदार फितवले जाण्याची धास्ती, आणि हातातील इतर पन्नास प्रकरणे. जयसिंगला एका संध्याकाळची पत्रकार परिषद पुरली; ह्या बाईंना एका ओळीच्या नोंदीसाठी तीन वेळा आमच्या शाळेचा जिना चढावा लागला. जयसिंगने पुरावा म्हणून माणूस वापरला. ह्यांनी माणूस झाकण्यासाठी कागदाचा पुरावा उभा केला. माझ्या मते सोडवणाऱ्याच्या दोन जातींमधील फरक ह्या एका वाक्यात आहे, आणि ‘कमला’ नाटकाचे मर्म मला तेंडुलकरांवरील कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा त्या तीन खेपांनी अधिक शिकवले.

अशा अधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना साहाय्य करणे म्हणजे त्यांचे सत्कार करणे नव्हे. शाळेने आपली वही नीट ठेवावी, डॉक्टरने आपला अहवाल वेळेवर द्यावा, दुभाष्याने मुलीचे शब्द मुलीचेच राहू द्यावेत, शेजाऱ्याने साक्षीला यावे. एवढ्यानेही पुष्कळ होते. आणि समीक्षकाने? समीक्षकाने निदान ‘शारदा’चा शेवट तांत्रिक आहे असे वर्गात शिकवणे थांबवावे. मी ते थांबवले आहे.

माझ्या ह्या विवेचनावर एक शंका घेतली जाईल, ती मला अगोदरच घेतलेली बरी. साहित्याने समाजकार्याची अहवालपुस्तिका व्हावे असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. प्रचाराच्या ओझ्याखाली कित्येक सामाजिक नाटके कशी कोलमडली हे आपण पाहिले आहे. माझे म्हणणे कलेच्या अंगानेच आहे. ज्या पात्राला लेखकाने अर्ध्या वाटेत सोडले ते पात्र अर्धेच राहते. कमला अर्धी राहिली, कारण तिला काय हवे आहे हे नाटकात कोणी विचारले नाही. शारदा पुरती झाली असे वाटते, पण तिलाही कोणी विचारले नाही. तिचे लग्न लावून दिले. विकणारा विचारीत नाही हे ठीकच. सोडवणाराही विचारीत नाही, ही आपल्या दोन थोर नाटकांतील समान उणीव आहे, किंवा आपल्या समाजाचे त्यांनी दाखवलेले समान सत्य आहे.

माझ्या साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या ओसरीतील बाकावर ती मुलगी बसलेली होती. शेजारी वसतिगृहाच्या काळजीवाहक बाई होत्या. पाच वर्षे ज्या मुलीची हजेरी मी घेतली तिच्याशी काय बोलावे हे मला सुचेना. प्रकृती कशी आहे, जेवण बरे मिळते काय, असे काहीतरी मी विचारले. तिने मान हलवली. मग मी उठू लागलो तेव्हा तिनेच मला विचारले, ‘सर, मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं का? गणित सोडून दुसरा विषय घेता येतो का?’

तिच्यासाठी धावपळ करणाऱ्या आम्हा सर्वांपैकी, आणि त्यांत मी स्वतः आहे, कोणीही तोपर्यंत तिला काय हवे आहे हे विचारले नव्हते. मी तिला सांगितले की बसता येते. अर्ज मी दुसऱ्या दिवशी वसतिगृहात नेऊन दिला. गणिताच्या जागी तिने गृहविज्ञान घेतले. खटल्याचे पुढे काय झाले हा ह्या लेखाचा विषय नाही.

‘शारदा’च्या पुढचा आणि ‘कमला’च्या पुढचा अंक कोणी तरी लिहील तेव्हा त्याची सुरुवात अशाच एखाद्या बाकावर व्हावी, असे मला वाटते.